कोरडवाहू मिश्र चारा: बी कालवून पेरायचं की ओळी वाटून?

माणगंगा

आधी या चर्चेच्या धाग्याची हद्द सांगतो, नाहीतर बागायती नेपियर आणि बांधावरच्या शेवरीपर्यंत गाडी जाईल. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा पट्टा. वर्षाला साधारण ४५० ते ५५० मिमी पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. जून-जुलैत शिंतोडे आणि वारा. जमीन मुरमाड ते मध्यम. पाणी नाही, किंवा फार तर एक संरक्षित पाणी.

मिश्र चाऱ्यात, म्हणजे तृणधान्य आणि द्विदल एकाच रानात घेताना, लोक प्रमाणावरच अडतात: इतके किलो ज्वारी, इतके किलो चवळी. पण जोडी चुकली तर प्रमाण बरोबर असून उपयोग नाही. दोन्ही पिकं एकाच आठवड्यात कापायला आली पाहिजेत. बाजरी ५० ते ५५ दिवसांत निम्म्या फुलोऱ्यात येते, चवळी ५० ते ६० दिवसांत फुलून कोवळ्या शेंगा धरते. ही जोडी जमते. चाऱ्याची ज्वारी (रुचिरा, फुले गोधन) ६५ ते ७० दिवस घेते. तिच्याबरोबर लवकर येणारी चवळी घेतली तर ज्वारी कापायच्या आत चवळीची पानं गळून नुसते वेल उरतात. तिथे उशिरा येणारी, पसरणारी चवळी हवी. हुलगा ८० दिवसांच्या पुढे जातो, तो बाजरीत घालून पालाच मिळतो, आणि तोही अपुरा.

जमिनीनुसार जोडी अशी लावावी. वीतभर माती आणि खाली मुरूम असेल तर बाजरी-मटकी. हातभर मातीत ज्वारी-चवळी. त्यापेक्षा खोल काळ्या रानात खरिपात चारा करूच नका. ते रान शाळूला (रब्बी ज्वारीला) राखा, कडबा तिथूनच येणार आहे. आफ्रिकन टॉल मका दोन पाण्यांची खात्री असेल तरच. कोरडवाहू मका ऐन तुऱ्यात पावसाने दडी मारली की तिथेच संपला.

बियाणं एकरी: निखळ चाऱ्याच्या ज्वारीला १६ किलो, बाजरीला ४, चवळीला १६. दोनास एक ओळ (तृणधान्याच्या दोन ओळींना द्विदलाची एक) धरली तर ज्वारी साडेदहा-अकरा किलो आणि चवळी साडेपाच. बाजरी पावणेतीन किलो, मटकी दोन.

नवा_गोठा

दादा, दोन्ही बी एकत्र कालवून एकाच चाड्यातून (तिफणीवरच्या बी सोडायच्या वाडग्यातून) पेरलं तर काय बिघडतं? मजुरी वाचते.

तिफण

बिघडतं ते पहिल्या दहा मिनिटांतच. चाडं हलत असतं, बारीक बी खाली बसतं, जाड बी वर राहतं. शेताच्या एका टोकाला बाजरीचं दाट पीक आणि दुसऱ्या टोकाला नुसती चवळी. शिवाय खोली. बाजरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या खाली गेली की मोड वर येत नाही. चवळीला चार-पाच सेंटिमीटर खोलीवरची ओल लागते. एकाच फणातून दोघींची सोय होत नाही.

अपवाद एकच: ज्वारी आणि मटकी. दाण्याचं वजन जवळपास सारखं, हजार दाण्यांना पंचवीस-तीस ग्रॅम. ही दोन कालवून पेरली तरी निभतं. ज्वारी-चवळी कालवायची नाही, बाजरी-चवळी तर मुळीच नाही.

वेगळं पेरायला फार खटाटोप नाही. तिफणीला तीन फण, म्हणून तिच्या चाड्याला तीन भोकं असतात. त्यातलं एक चिंधीचा बोळा कोंबून बंद करायचं, त्या फणाची नळी सोडवायची आणि तिथे वेगळा मोघा (एकाच नळीचं छोटं चाडं) बांधायचा. चाड्यावर एक बाई, मोघ्यावर दुसरी. दोन फणांतून ज्वारी, एकातून चवळी, म्हणजे दोनास एक आपोआप.

आता खरी मेख. मोघा मधल्या फणाला बांधा, कडेच्या नाही. कडेच्या फणाला बांधला तर जाताना ज्वारी-ज्वारी-चवळी पडते, आणि बैलं वळवून परत येताना चवळी-ज्वारी-ज्वारी. म्हणजे चवळीच्या दोन ओळी शेजारी शेजारी, मग ज्वारीच्या चार. दोनास एक करायला गेलात आणि चारास दोन झालं. मधल्या फणातून ज्वारी-चवळी-ज्वारी पडत जाते, कुठूनही वळा. ट्रॅक्टरच्या नऊ फणी पेरणी यंत्रावर दुसरा, पाचवा आणि आठवा फण चवळीला द्या. पेटीत पत्र्याचे पडदे लावले की झालं.

वळई

तिफणराव, मांडणी बरोबर, पण चारास दोन ही चूक आहे असं मी म्हणणार नाही. उलट हलक्या रानात तेच बरं.

कारण सावली. ओळीत एक फूट अंतर, दोन्ही बाजूंना सहा फुटी ज्वारी. मधली एकुलती चवळी पंचेचाळीस दिवसांनी पिवळी पडते, खालची पानं गाळते. ज्या पानांसाठी ती पेरली तीच जातात. दोन ओळी शेजारी असल्या की मध्ये उजेडाची पट्टी राहते. दुसरा फायदा कापणीचा: चवळी वेगळी कापता येते, वेगळी वाळवता येते. हिरवंच घालायचं असेल तर फरक नाही, पण वाळवून ठेवायचं असेल तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा. ज्वारीचं ताट वाळायला आठ-दहा दिवस घेतं, चवळीचं पान दोन दिवसांत कुरकुरीत होतं. एकत्र पसरलं तर ताट वाळेपर्यंत पानाचा भुगा रानातच झडून जातो. आणि पान वाचवायला घाईने बांधलं तर पेंढीच्या पोटात बुरशी.

तिफण

हिरवं कापून कुट्टी करणाऱ्याने मधला फण, वाळवणाऱ्याने कडेचा. मान्य.

कडबा_शेकडा

खताबद्दल कुणी बोलेना. पेरताना एकरी डीएपीचं एक पोतं म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. एवढं पुरे. नंतर २५ ते ३० दिवसांनी, रानात ओल असेल तरच, २५ किलो युरिया, तोही फक्त ज्वारीच्या ओळीला. पोतंभर युरिया फेकणारे दोन तोटे ओढवून घेतात. तृणधान्य माजतं आणि द्विदल दडपतं. शिवाय पुढे पाऊस थांबला तर ताटात नायट्रेट साठतं. त्यावर डॉक्टर बोलतीलच.

शेणखत घालणार असाल तर कुजलेलं. कच्च्याने हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण. मेंढ्या बसवल्या असतील तर डीएपी अर्धा केला तरी चालतो.

चवळी-मटकीच्या बियाण्याला रायझोबियम (नत्राचे) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) ही जिवाणू खतं लावा, दहा-पंधरा किलोला प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट. गुळाचं पाणी गार करून त्यात कालवा, बी सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू खत शेवटी. उलट केलं तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे पाण्यात.

नवा_गोठा

तणनाशक? ज्वारीला अ‍ॅट्राझीन मारतात ना?

कडबा_शेकडा

मिश्र पिकात अ‍ॅट्राझीन नको. ज्वारी राहील, चवळी जाईल. मका-चवळी असेल तर पेरणीनंतर उगवणीआधी पेंडीमिथॅलिन ३० टक्के, एकरी एक लिटर, ओल्या जमिनीवर. ज्वारी-बाजरी उथळ पेरलेली असते, तिला तेही बाधतं. त्यांना विसाव्या दिवसाच्या आसपास एक कोळपणी, बस्स. चवळीने महिन्यात जमीन झाकली की तण आपोआप मागे पडतं.

ज्या रानात टारफुला (ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण) आहे तिथे चवळीची ओळ दुहेरी कामाची. चवळीच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचं बी रुजतं, पण त्याला तिच्या मुळाला चिकटता येत नाही, म्हणून मरतं. एका वर्षात रान साफ होत नाही. बी जमिनीत बरीच वर्षं टिकतं.

गोठा_डॉक्टर

धागा चांगला चाललाय, पण जनावरं दगावतात ती या पुढच्या टप्प्यावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्वारीची किराळ (हिरव्या ज्वारीतली विषबाधा) लागते ती कोवळेपणी. गुडघाभर पीक, पावसाने ताण दिल्यावर खुरटलेलं पीक, ताणानंतर एका सरीने जोमात फुटलेलं पीक आणि कापणीनंतरचे फुटवे, या चारही अवस्थांत हायड्रोसायनिक आम्ल जास्त असतं. नियम सोपा: ज्वारी निम्म्या फुलोऱ्याला आल्याशिवाय दावणीत नाही. दुष्काळात नेमकं उलटं होतं. पीक करपायला लागलं की ‘वाया जाण्यापेक्षा जनावरं सोडा’ म्हणतात. ज्या दिवशी सोडायला नको, त्याच दिवशी सोडतात.

लक्षणं पंधरा-वीस मिनिटांत दिसतात: धाप, तोंडाला फेस, लटपट, मग आडवं पडणं. हिरड्या आणि रक्त लालभडक. नायट्रेटची बाधा असेल तर रक्त चॉकलेटी तपकिरी. हा फरक फोनवर सांगितला तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघतो. किराळीला सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून, नायट्रेटला मिथिलीन ब्लू. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर आहे ते नुकसान वाढतं, म्हणून घरी प्रयोग नको.

आता मिश्र चाऱ्याचा मुद्दा. ‘चवळी मिसळली आहे, म्हणून किराळ लागणार नाही’ हा समज चुकीचा. मिसळल्याने प्रमाण पातळ होतं, विष जात नाही. शिवाय उभ्या पिकात सोडलेलं जनावर निवडून खातं. सुकवल्याने किराळीचं विष बरंच उडून जातं, मुरघासातही (खड्ड्यात हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातही) घटतं. नायट्रेटचं तसं नाही. वाळवलं तरी ते वाळलेल्या ताटात तसंच राहतं. मुरघासात काही अंशी कमी होतं. नायट्रेट बुडख्यात जास्त असतं, म्हणून ताणाच्या वर्षी जमिनीपासून एक वीत वर कापा. बाजरीत किराळ नाही, पण नायट्रेट आणि ऑक्झलेट आहे, तेव्हा बाजरी म्हणजे बिनधास्त असं नाही.

दव पडलेली किंवा पावसात भिजलेली चवळी उपाशी पोटी घालू नका, पोट फुगतं. लसूणघासाइतकी नाही, पण फुगतं. आधी दोन पेंढ्या कडबा, मग हिरवं. आणि नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

नवा_गोठा

डॉक्टर, दोन गाई आहेत, साधारण ४०० किलोच्या. किती एकर लागेल? गणित सांगाल का?

गोठा_डॉक्टर

एका गाईला दिवसाला सुमारे १० किलो कोरडं पदार्थमान, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा. हिरव्यात २० टक्के धरलं तर २५ किलो हिरव्यातून ५ किलो. वरचं ५ किलो कोरडं मिळतं ते साडेपाच-सहा किलो कडब्यातून. आठ महिने म्हणजे २४० दिवस, दोन गाई: ४,८०० किलो.

कोरडवाहू ज्वारी-चवळी पाऊस बरा झाला तर एकरी ८ टन हिरवं धरा, हलक्या माळाला ४-५. फुलोऱ्यातलं पीक असेल तर ८ टनांत पावणेदोन ते दोन टन कोरडं. म्हणजे चांगल्या वर्षी अडीच एकर, वाईट वर्षी दुप्पट. म्हणून चाऱ्याचा साठा एका वर्षाच्या हिशोबाने करू नये. कडब्याची एक वळई (रचलेली गंजी) नेहमी पुढच्या वर्षाची असावी.

नुसत्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्के. फुलोऱ्यातल्या ज्वारीत सात-आठ, चवळीत पंधरा ते अठरा. दोनास एकच्या मिश्रणात दहाच्या आसपास येतात. पेंडीचा खर्च इथे कमी होतो. हेक्टरी टन बघणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण वजनात निखळ ज्वारी बहुतेक वेळा पुढेच असते.

माणगंगा

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. छावणीतल्या उसाच्या वाढ्यावर जगलेली जनावरं आठवा. पोट भरलेलं, पण प्रथिनं नाहीत आणि ऑक्झलेटने कॅल्शियम अडकलेलं.

वळई

साठवणीचं माझ्याकडून. मुरघास करायचा असेल तर तृणधान्य सत्तर आणि द्विदल तीस, याच्या पुढे चवळी नको. चवळीत साखर कमी आणि ती आंबट होऊ देत नाही. खड्डा उघडल्यावर मुरघासाचा आंबूस वास येण्याऐवजी कुबट, लोण्यासारखा खराब वास येतो. चवळी जास्तच झाली असेल तर टनाला १० किलो गूळ पाण्यात विरघळवून थरावर शिंपडा.

ज्वारी चिकात (दाणा दुधाळ) असताना कापा. चवळी सकाळी कापून दुपारपर्यंत रानात सुकू द्या, मग दोन्ही मिळून कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची. कुट्टी मुठीत आवळून सोडा: पाणी ठिबकलं तर ओली, गोळा लगेच फुटला तर कोरडी, हळूहळू उकलला तर बरोबर. दहा फूट लांब, सहा रुंद, पाच खोल खड्ड्यात ३०० घनफूट, घनफुटाला १६ किलो धरून पावणेपाच-पाच टन मावतो. अर्ध्या फुटाचा थर, तुडवण, पुन्हा थर. तुडवण्यात आळस केला की कडेने काळी बुरशी, ती जनावराला घालायची नाही, उकिरड्यावर. खड्डा एक-दोन दिवसांतच भरून बंद करा. आठवडाभर भरत बसणाऱ्यांचा मुरघास खालून आंबतो आणि वरून सडतो. ४५ दिवसांनी उघडा; उघडल्यावर रोज सगळ्या तोंडावरून एक थर निघेल एवढीच तोंडाची रुंदी ठेवा.

वाळवायची चवळी पहाटे दवात उलटवा, उन्हात नाही. पान झडतं ते भर दुपारी हात लावल्यानं. ज्वारीच्या पेंढ्या बांधून बुचाडात उभ्या करा, शेंडे वर. आडव्या टाकल्या तर खालची बाजू कुजते.

मुरमाड

सगळे पेरणीचं बोलताय. ज्या माळावर नांगरच लागत नाही त्याचं काय? तिथेही मिश्र चाराच, पण बहुवार्षिक: स्टायलो (द्विदल) आणि अंजन (गवत). मध्यम जमिनीत अंजनऐवजी मारवेल गवत.

स्टायलोचं (फुले क्रांती) बी कठीण कवचाचं. पाणी उकळून ८० अंशांपर्यंत उतरू द्या, बी कापडात बांधून चार-पाच मिनिटं बुडवा, मग गार पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकलं तर बी शिजतं, न टाकता पेरलं तर पाव देखील उगवत नाही. निखळ स्टायलोला एकरी ४ किलो. अंजनाबरोबर दोन किलो स्टायलो, दीड किलो अंजन. अंजनाचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्याने उडतं; तिप्पट ओलसर मातीत चोळून फेका. बी वर टाका, काटेरी फांदी ओढून नुसतं झाका. अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेलं की गेलं.

पहिल्या वर्षी चराई नाही. माणसं इथेच हरतात. स्टायलो पहिले दोन महिने दिसतच नाही, गवत दिसतं, म्हणून शेळ्या सोडल्या जातात आणि रोपच उपटून येतं. ऑक्टोबरात एकदा विळ्याने कापा, बी गळू द्या. दुसऱ्या वर्षापासून आपोआप पसरतं. कोवळ्या स्टायलोला जनावर तोंड लावत नाही म्हणून निराश होऊ नका. गवत राठ व्हायला लागलं की तेच शोधून खातं.

माळावर कुसळी गवत असेल तर कुसळं धरायच्या आत कापून काढा. मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं ते.

माणगंगा

यात सुबाभूळ घालणारे येतील म्हणून आधीच सांगतो: त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि बी पाडू दिलं तर पुढची वीस वर्षं तीच उपटत बसाल.

नवा_गोठा

शेवटचा प्रश्न. मोघ्यातून चवळी किती पडते हे कसं कळणार? बाईच्या हातावर सगळं.

तिफण

मोजून बघा. एक फुटी तिफणीने एकरात एकूण ओळ सुमारे १३,३०० मीटर होते, तिचा तिसरा हिस्सा चवळीची, ४,४०० मीटर. चवळीचे शंभर दाणे दहा ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलोत ५५ हजार दाणे. मीटरला बारा-तेरा, सरासरी आठ सेंटिमीटरला एक. पहिल्या दोन फेऱ्यांत माती उकरून एका मीटरमधले दाणे मोजा. वीस निघाले तर बाईला चिमूट लहान करायला सांगा, सहा निघाले तर मोघ्याच्या नळीत ओली माती अडकली आहे का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं. वाफसा येण्याआधी, म्हणजे रान चिखलट असतानाच, पेरणी केली की फणाच्या टोकाला चिखल बसतो, बी नळीतच तुंबतं, आणि आठ दिवसांनी रानात चवळीची एकेक ओळ गायब दिसते. दर फेरीला काठीने नळी ठोकत चला.